कानगाडी दारात थांबली की

१

त्या बुधवारी दुपारी आमच्या थाळीने पुन्हा एकदा माऊस ऐकला, आणि खोऱ्यातल्या एका मुलीच्या नोकरीवर गदा आली.

थाळी म्हणजे आमची रेडिओ दुर्बीण. वेस्ट व्हर्जिनियातल्या क्रॅबट्री खोऱ्यात ती उभी आहे, आणि ती बघत नाही, ऐकते. लांबच्या ताऱ्यांचं ऐकते. म्हणून आमच्याकडे मोबाइल चालत नाही, वायफाय नाही, आणि कॉम्प्युटरचा माऊस असो की कीबोर्ड, त्याला तार हवीच. बिनतारी माऊस कॉम्प्युटरशी हवेतून कुजबुजतो. तुम्हाआम्हाला त्याचा पत्ता लागत नाही, थाळीच्या मात्र कानाशी कोणी ताशा बडवल्यासारखं होतं. बाहेरचे लोक म्हणे दुकानात उभे राहून तारेचा घ्यावा की बिनतारी यावर डोकं खाजवतात. आमच्याकडे तो प्रश्नच नाही. म्हणजे, नसायला हवा.

मी बर्डी गॅलफर्ड. कानगाडी चालवते. टपावर अँटेना लावलेली ही जुनी गाडी डिझेलची आहे, कारण पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि तीसुद्धा थाळीला ऐकू जाते. माझ्या शेजारी डेल्मर वार्नर बसतो. चोरटा आवाज कुठून येतो ते हुडकून काढणं हे त्याचं काम. डेल्मर मोजकं बोलतो, माझ्या तोंडाला खळ नाही. म्हणूनच आमचं इतकी वर्षं जमलंय.

आमची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कानगाडी कोणाच्या दारात थांबली की शेजारी मान वळवतात. बघायचं नाही. घरातला माणूस बिनतारी बेल नाहीतर आणखी काय असेल ते मुकाट्याने आणून देतो, आणि येत्या रविवारी चर्चच्या तळघरातल्या जेवणाला वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक घेऊन येतो. केक कशाबद्दल, हे कोणी विचारत नाही. सगळे खातात, विषय संपतो. ही रीत पाडली इव्हिंग आर्बोगास्ट यांनी. डेल्मरच्या आधी गाडीत ते बसायचे. डेल्मरला हुडकायला शिकवलं त्यांनी, तारेचा नियम लिहिला त्यांनी. दंड माणूस विसरतो, केक विसरत नाही, असं ते म्हणायचे.

तर त्या बुधवारी आम्ही दोघं पोचलो तेव्हा कंट्रोल रूममध्ये तिघं होती. दुर्बिणीच्या प्रमुख डॉ. कॅपलान उभ्या होत्या. टोरांटोहून आलेला संशोधक एड्रियन चाऊ पडद्याकडे बघत नखं खात होता. आणि खुर्चीत, म्हणजे थाळी जिथून वळवतात त्या खुर्चीत, मार्ली स्पोनॉगल बसली होती. आमच्या खोऱ्यातली त्या खुर्चीत बसणारी पहिली मुलगी. तिला ती खुर्ची मिळाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आठवडाभर रोज दुपारी हाच आवाज," डॉ. कॅपलान म्हणाल्या. "बिनतारी माऊसचा. आणि फक्त मार्लीच्या पाळीत."

"मी काही केलेलं नाही," मार्ली म्हणाली.

डॉ. कॅपलाननी टेबलावर एक खोकं ठेवलं. वर बिनतारी माऊसचं चित्र. "हे तुझ्या गाडीत सीटखाली होतं. एड्रियनला काचेतून दिसलं." मग त्या डेल्मरकडे वळल्या. "डेल्मर, मला तो माऊस शोधून दे. तोवर मी हिला या खुर्चीत बसू देऊ शकत नाही. आणि तो हिचाच निघाला, तर कधीच नाही."

डेल्मरने खोकं उघडलं. आत काहीच नव्हतं.

२

मार्लीशी आम्ही बाहेर कॉफीच्या टेबलाशी बोललो.

"खोकं कोणाचं?" डेल्मरने विचारलं.

"माझ्या बहिणीचं. हॅरिसनबर्गला कॉलेजात असते. तिथे चालतो ना बिनतारी, म्हणून वाढदिवसाला मीच घेऊन दिला. तिने तो गाडीतच खोक्यातून काढला. माऊस पर्समध्ये गेला आणि खोकं सीटखाली. चॉकलेटचे कागदही ती तिथेच टाकते. मिस बर्डी, जाऊन बघा हवं तर."

मी बघून आले होते. कागद होते.

डेल्मर कपात चमचा फिरवत राहिला. "एक सांग. कंट्रोल रूमच्या भिंतींत तांब्याचा पत्रा आहे. दार लावलेलं असेल तर आत कोणी दहा माऊस वापरले तरी थाळीला ऐकू जायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पण दार लावलेलं नसतं. एड्रियन म्हणतो, तू रोज दुपारी दार वीतभर उघडं ठेवतेस. खुर्ची अडकवून."

मार्लीने मान फिरवून कंट्रोल रूमच्या दाराकडे बघितलं.

"ठेवतेस का?"

"हो."

"नियम ठाऊक आहे ना?"

"मला सगळे नियम पाठ आहेत, मिस्टर डेल्मर. इथे काम मिळायच्या आधीपासून."

"मग दार कशाला उघडं ठेवतेस?"

तिने कपाच्या कानाला धरलं आणि सोडलं. "ते मी सांगणार नाही. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तेही सांगणार नाही."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या मुश्किलीने मिळालेली खुर्ची, आणि ही पोरगी हटून बसलीये. "अगं, कर नाही त्याला डर कशाला?" मी म्हणाले. "सांगून मोकळी हो की."

तिने माझ्याकडे बघितलं. "मिस बर्डी, तुम्ही मला कडेवर घेतलेलं आहे," एवढंच म्हणाली आणि उठली.

मला ते लागलं. पण मी मनात म्हटलं, खरं असतं तर बोलली असती. तिनेच केलं असणार, हे मी त्या क्षणी ठरवून टाकलं. त्या रात्री घरी जाऊन फोनवर माझ्या बहिणीलाही तसंच सांगितलं.

३

त्याच दुपारी एड्रियनला डेल्मरने जिन्यात गाठलं.

"मला काय वेड लागलंय माझंच निरीक्षण बिघडवायला?" तो म्हणाला. "या दुपारी मिळाव्यात म्हणून वर्षभर वाट बघितलीये. तुमच्या तारांचा मला कंटाळा येतो, हे खरं. टेबलावर सापांचा गुंता होतो. पण बिनतारी वस्तू मी आणली नाही. माझी बॅग बघा."

बॅग बघितली. सगळ्याला तारा होत्या.

"तुझा तो आकाशातला तारा आहे कुठे?" डेल्मरने विचारलं.

"दक्षिणेला, डोंगराच्या अगदी डोक्यावर. थाळीला मान पार खाली घालावी लागते. या इमारतीवरूनच बघते ती."

"यापूर्वी थाळी इतकी खाली कधी वाकली होती?"

"मार्ली म्हणाली, बऱ्याच वर्षांत नाही."

डेल्मर "हं" म्हणाला. डेल्मरच्या "हं" चे अर्थ मला कळतात, पण हा कळला नाही.

मग आम्ही इमारतीतली टेबलं बघितली. डेल्मरच्या हातात त्याचं लहान यंत्र होतं, बिनतारी काही बोललं की ते चिवचिवतं. ते गप्प होतं. मी आपली शेपटी, म्हणजे तार, बघत होते. आमच्या खोऱ्यात बघण्याची हीच पद्धत आहे. माऊसला शेपटी आहे? आहे. कीबोर्डला? आहे. चला पुढे. शाळेतल्या पोरांनाही आम्ही हेच शिकवतो.

शेवटची खोली वाचनालयाची. कंट्रोल रूमच्या शेजारीच ती आहे, दगडी भिंतींची, तांबंबिंबं काही नाही. तिथे रोज दुपारी जेवण झालं की मिस्टर इव्हिंग थाळीचा इतिहास लिहायला येऊन बसतात. ऐंशी ओलांडलीये, पण पाठ ताठ. दाराशी डेल्मरने यंत्र बंद केलं आणि खिशात घातलं. ज्याने शिकवलं त्याच्याच खोलीत ते हुंगत फिरायचं, हे त्याला बरं वाटलं नसणार. मलाही वाटलं नसतं.

"या, या. गाडीचा आवाज आला म्हटलं येतीलच," मिस्टर इव्हिंग म्हणाले. खोलीत हीटर चालू होता तरी त्यांनी कोट घातलेला होता. डावा हात खिशात, उजवा माऊसवर. माऊस चांगला मुठीएवढा मोठा, म्हाताऱ्या माणसांना सोयीचा. शेपटी होती.

"कॉफी आणू तुम्हाला?" मी विचारलं.

"नको गं. हल्ली सोडली."

मी खुर्ची ओढायला गेले आणि माझा बूट तारेत अडकला. माऊसची तार टेबलामागून सरकन हातभर बाहेर आली. मी ओशाळले, वाकून ती गोळा केली.

"राहू दे बर्डी, राहू दे. इकडे बघ, तुला गंमत दाखवतो." त्यांनी पडद्यावर एक जुना फोटो काढला. थाळी बांधणाऱ्या माणसांचा. "हा तुझा बाप. हा माझा मेव्हणा. आणि हा टोपीवाला कोण, ओळख बघू." बाण एकेका चेहऱ्यावरून फिरत होता. मी तारेचं वेटोळं हातात धरून माझ्या बापाकडे बघत बसले. तो फोटोत माझ्या मुलाच्या वयाचा होता. मग मी तार परत टेबलामागे सारून दिली.

"मार्लीबद्दल तुम्हाला काय वाटतं?" डेल्मरने विचारलं.

मिस्टर इव्हिंग जरा वेळ पडद्याकडेच बघत राहिले. "चांगली मुलगी आहे. पण तरुण आहे. तरुणांना तार जड होते, डेल्मर."

संध्याकाळी डॉ. कॅपलाननी मार्लीला घरी पाठवलं. आणि दुसऱ्या दुपारी थाळी तशीच खाली वाकली असताना, आवाज बंद झाला होता.

४

झालं. मार्ली गेली, माऊस गेला. याहून आणखी पुरावा कोणाला हवा होता?

शुक्रवारी सकाळी डॉ. कॅपलाननी आम्हाला तिच्याकडे पाठवलं, किल्ली आणि ओळखपत्र परत घ्यायला. मी कानगाडी स्पोनॉगलांच्या दारात उभी केली. समोरची बाई कपडे वाळत घालत होती, ती दोरीकडे तोंड करून उभी राहिली. शेजारच्या म्हाताऱ्याने व्हरांड्यातली खुर्ची भिंतीकडे फिरवली. मार्लीने किल्ली डेल्मरच्या हातात दिली. तिचे डोळे सुजलेले होते. दार लावण्याआधी तिने एकच विचारलं.

"दुपारी वाचनालयाकडे कोणी लक्ष ठेवतं का?"

"कशाला?" मी म्हणाले.

"काही नाही," ती म्हणाली आणि दार लावलं.

तिथून आम्ही कोय हेवनरच्या दुकानात गेलो. खोऱ्यातलं एकुलतं एक दुकान. कोयला सगळ्यांची खबर असते, आणि ती तो पदार्थांसारखी काउंटरवर मांडून ठेवतो.

"काय बर्डी, रविवारी स्पोनॉगलांकडचा केक खायचा म्हणे," तो म्हणाला. "तिच्या आईने वाळकी सफरचंदं काही नेली नाहीत अजून. माजच आहे म्हणायचा."

"तू आपली बिस्किटं विक," मी म्हणाले. पण दोन दिवसांपूर्वी मी बहिणीला काय सांगितलं होतं, ते आता कोयच्या तोंडून माझ्याकडे परत येत होतं. मला तिथे उभं राहवेना.

"मिस्टर इव्हिंग दिसले नाहीत," डेल्मर म्हणाला.

"सर्दी झालीये. बुधवारी संध्याकाळपासून घराबाहेर नाहीत. पण सर्दीची गोळी काही मागवली नाही. त्यांची खरेदी म्हणजे एकच हल्ली, बारके सेल. मी म्हटलं, मिस्टर इव्हिंग, तुमच्या टॉर्चला जाडे लागतात, मीच विकलाय तो. तर म्हणाले, घड्याळाला हवेत. एवढे सेल खाणारं कसलं घड्याळ, देव जाणे."

कोयने दिलेला कॉफीचा कप डेल्मरने न पिताच खाली ठेवला.

५

गाडीत बसल्यावर त्याने मला इंजिन चालू करू दिलं नाही.

"बर्डी, बुधवारी त्या इमारतीतल्या किती खुर्च्या रिकाम्या झाल्या?"

"एक. मार्लीची."

"दोन," डेल्मर म्हणाला. "मार्लीला पाठवलं, आणि त्याच संध्याकाळी मिस्टर इव्हिंगना सर्दी झाली. आवाज थांबला तो दोघांतल्या कोणाच्याही जाण्याने थांबला असेल. आपण एकच खुर्ची बघितली."

"भलतंच काय बोलतोस? अरे, तो नियम त्यांनी लिहिलाय."

"ते दुपारी येतात. मार्लीची पाळी दुपारची. एड्रियनचा ताराही दुपारीच वर येतो. थाळी त्या इमारतीवरून इतकी खाली वाकली ती याच आठवड्यात, म्हणजे माऊस आधीपासून तिथे असेल आणि आधी कोणाला ऐकू आला नसेल, असंही होऊ शकतं."

"तुझं यंत्र गप्प होतं त्यांच्या दाराशी."

"माऊस हलवला नाही की बोलत नाही. गाडी आल्याचं त्यांनी ऐकलं होतं, ते स्वतःच म्हणाले. आपण दाराशी येईपर्यंत हात उचलून ठेवला की झालं. मग मी यंत्र बंद करून खिशात घातलं, त्यांच्या डोळ्यांदेखत." त्याला ते बोलणं जड जात होतं. "मी दुसऱ्या कोणाच्या खोलीत ते बंद केलं नसतं."

"पण शेपटी होती, डेल्मर. मी बघितली. मी हातात धरली होती."

"तेच विचारायचंय. तुझ्या बुटाने तार ओढली गेली, हातभर बाहेर आली. टोक कुठे अडकलं होतं?"

मी आठवून बघितलं. "कुठेच नाही. सरकन आली."

"तू तार हातात धरून फोटो बघत होतीस. तेव्हा पडद्यावर बाण हलत होता?"

माझा बाप. त्यांचा मेव्हणा. टोपीवाला. बाण एकेका चेहऱ्यावरून फिरत होता, आणि त्या माऊसची तार कशालाही जोडलेली नव्हती. ती सगळीच्या सगळी माझ्या हातात होती.

जन्मभर शेपट्या तपासल्या, आणि खरी शेपटी हातात आली तेव्हा मी ती नीट गुंडाळून जागेवर ठेवून दिली. आणि तिकडे पोरीला म्हणाले होते, कर नाही त्याला डर कशाला.

आम्ही वाचनालयात गेलो. माऊस टेबलावर नव्हता. डेल्मर गुडघ्यांवर बसून कॉम्प्युटरच्या मागे हात घालून चाचपत राहिला. नखाएवढा एक काळा तुकडा त्याने ओढून काढला, बिनतारी माऊसचं कॉम्प्युटरशी बोलणं ज्याच्यातून होतं तो. माऊस त्यांनी नेला होता. हा तुकडा काढायला खाली वाकणं त्यांना जमलं नसणार.

"पण का?" मी म्हणाले. "त्यांना कशाला हवा होता बिनतारी?"

डेल्मरने तो तुकडा खिशात घातला. "तू चालव," म्हणाला.

६

मिस्टर इव्हिंगनी दार उघडलं तेव्हा डेल्मरने तळहात पुढे केला. वर तो काळा तुकडा. त्यांनी तो बघितला, मग आमच्यामागे उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. या गाडीत बसून त्यांनी किती दारं ठोठावली असतील. त्यांच्या दारात ती आज पहिल्यांदा उभी होती.

स्वयंपाकघरात टेबलावर तो माऊस पडलेला होता. शेपटी एका जुन्या माऊसची कापून डिंकाने चिकटवली होती, फार नीट नाही.

"हा थरथर गाळून टाकतो," ते म्हणाले. "हात हलला तरी बाण हलत नाही." आणि त्यांनी दोन्ही हात खिशांतून काढून टेबलावर ठेवले. ते हात थांबत नव्हते. साखरेच्या भांड्यातला चमचा किणकिणायला लागला. "गोळी घेतली की दुपारचे थोडे तास बरे जातात. तेवढ्यात लिहून घेतो. साध्या माऊसने एक ओळ उघडायला गेलो तर तीन भलत्याच उघडतात."

"तारेचाही मिळतो, अगदी असाच," डेल्मर म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग?"

"तो मागवायचा तर तुझ्या खात्याला कारण लिहून द्यावं लागतं. नियम माझाच. काय लिहू डेल्मर? इव्हिंग आर्बोगास्टला आता साधा माऊस धरवत नाही? हा मुलाने डेन्व्हरहून भेट पाठवला. कोणाला विचारावं लागलं नाही." त्यांनी हात पुन्हा खिशांत घातले. "मी हिशोब केला होता. दगडी भिंत, थाळीचं तोंड वर. ऐकू जायला नको होतं. ती इतकी वाकेल हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"आणि मार्ली?" माझा आवाज चढला. मी तो चढू दिला.

"तिला माऊसचं माहीत नाही. हातांचं माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात मी जिन्यात पडलो, तिने उचललं. कोणाला सांगू नकोस म्हणून तिच्याकडून शब्द घेतला. तेव्हापासून दुपारी ती दार उघडं ठेवते. पुन्हा पडलो तर तिला ऐकू यावं म्हणून."

मला तिचा दारातला प्रश्न आठवला. नोकरी गेली त्या सकाळीही तिला काळजी वाचनालयाची होती.

"आणि तुम्ही आम्हाला म्हणालात, तरुणांना तार जड होते," मी म्हणाले.

"म्हणालो. मला वाटलं, मी जाणं बंद केलं की आवाज थांबेल, विषय संपेल. तो तिच्या डोक्यावर जाऊन बसला, आणि मी घरात बसून राहिलो. लोकांना माझे हात दिसू नयेत म्हणून, बर्डी. बाकी काही नाही. एवढ्यासाठी." त्यांनी वर बघितलं नाही. "माझी मलाच शरम वाटते."

त्या दुपारीच डेल्मरने डॉ. कॅपलानना सगळं सांगितलं. त्यांनी मार्लीला फोन करून माफी मागितली आणि सोमवारपासून परत ये म्हणाल्या. विचार करते, म्हणून मार्लीने फोन ठेवला.

शनिवारी मिस्टर इव्हिंगचा मला फोन आला. "उद्या चर्च सुटायच्या वेळी गाडी घेऊन ये. माझ्या दारात थांब, आणि इंजिन बंद करू नकोस. लोकांना ऐकू जाऊ दे."

गेले. डेल्मरही होता. ते दारात उभे होते, आज कोट नव्हता, हातांत थरांचा केक. स्वतःच भाजलेला. थर वाकडे बसले होते आणि सफरचंदाचा गर एका बाजूने ओघळत होता. डेल्मर ताटली घ्यायला पुढे झाला.

"नाही. मीच धरणार."

चर्चवरून हळू जायला सांगितलं त्यांनी. लोक पायऱ्या उतरत होते. कानगाडी बघून, आत कोण बसलंय ते बघून, एकेकाने मान वळवली. कोय हेवनरने तर पार टोपी चेहऱ्यावर ओढली. मिस्टर इव्हिंग सरळ समोर बघत होते. मांडीवरची ताटली वाजत होती.

मार्लीच्या दाराची घंटा डेल्मरने वाजवली आणि तो बाजूला झाला. ती बाहेर आली. समोरच्या अंगणातली बाई दोरीकडे तोंड करून उभी राहिली.

"तुझा शब्द तू पाळलास," मिस्टर इव्हिंग म्हणाले. "माऊस माझा होता. ठाऊक असून मी गप्प बसलो. हा केक चर्चमध्ये न्यायचा नव्हता. तो तुझा आहे."

ताटली त्यांच्या हातांत आता चांगलीच नाचत होती, वरचा थर घसरायला लागला होता. मी सवयीने मान वळवली. मग पुन्हा बघितलं, कारण मार्लीने वळवली नव्हती. ती त्यांच्या हातांकडे सरळ बघत होती.

"मी अजून रागावलेली आहे, मिस्टर इव्हिंग."

"असायलाच हवीस."

"सोमवारी मी माझ्या खुर्चीत बसणार आहे. दार लावून."

"हो," ते म्हणाले. "लावूनच बस."

"मिस्टर डेल्मर," मार्ली डोळे न हलवता म्हणाली, "त्यांच्या टेबलापासून माझ्या खुर्चीपर्यंत घंटा बसवून द्या. तारेची."

"उद्याच," डेल्मर म्हणाला.

तेव्हा तिने पुढे होऊन आपले दोन्ही हात ताटलीखाली नाही, त्यांच्या हातांखाली धरले. ताटली वाजायची थांबली. "आत चला. उभ्याने कापता यायचा नाही तुम्हाला." मग तिने माझ्याकडे बघितलं. "मिस बर्डी, इंजिन बंद करा आणि तुम्हीही या."

मी इंजिन बंद केलं. केक मीही आणायला हवा होता, हे तिच्या दाराची पायरी चढताना मला कळलं. मी रिकाम्या हाताने आत गेले.